नोंदवहीवरून अग्निशमन बंबाची जागा कशी ठरवावी
प्रत्येक वर्दीच्या (मदतीसाठी आलेल्या खबरीच्या) तीन वेळा स्वतंत्रपणे नोंदवाव्यात: १०१ वर दूरध्वनी आल्याची, बंब केंद्राबाहेर पडल्याची आणि घटनास्थळी पोहोचल्याची, कारण नुसत्या ‘एकूण १२ मिनिटे’ या नोंदीवरून उशीर केंद्रात झाला की रस्त्यावर, हे कळत नाही. सरासरी फसवी असते; त्याऐवजी दहापैकी नऊ वर्द्यांना बंब किती वेळात पोहोचला, हे पाहावे. अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेचे एनएफपीए १७१० हे मानकही ९० टक्क्यांचीच कसोटी लावते आणि पहिल्या बंबाच्या प्रवासाला २४० सेकंद देते. मग वर्द्या प्रभाग व तासांनुसार नकाशावर मांडाव्यात. खोट्या वर्द्या वेगळ्या दाखवाव्यात, पण वगळू नयेत, कारण तेवढा वेळ बंब गुंतलेलाच असतो. संध्याकाळी सातच्या सुमारास बाजारपेठेच्या गल्लीत बंब वारंवार अडकत असेल, तर नव्या केंद्राचा प्रस्ताव मांडण्याआधी त्या दोन-तीन तासांपुरता छोटा बंब तिथेच उभा करून महिनाभर नोंदी तपासाव्यात.