घरच्या संगणकासाठी प्रोसेसर निवडताना : ‘इंटेल की एएमडी’ हा प्रश्न शेवटी का विचारावा

टिळक रस्त्यावरील संगणकाच्या दुकानात कोटेशन मागायला गेले की काउंटरवर पहिला प्रश्न बजेटचा येतो आणि दुसरा, ‘इंटेल देऊ की एएमडी?’ असा, म्हणजे संगणकाचा मेंदू असलेला प्रोसेसर या दोनपैकी कोणत्या कंपनीचा हवा, असा असतो. पहिल्याचे उत्तर बहुतेकांजवळ तयार असते. दुसऱ्याचे उत्तर मात्र घरातील कोणीतरी वीस वर्षांपूर्वी बनवलेल्या मतावरून दिले जाते. ‘एएमडी फार तापतो’ हे वाक्य मी पुण्यात अजूनही ऐकतो. ज्या प्रोसेसरांबद्दल ते खरे होते, ते केव्हाच भंगारात गेले आहेत. इंटेलची स्थापना १९६८ सालची आणि एएमडीची १९६९ सालची, आणि विंडोज, टॅली किंवा ऑटोकॅड यांना आपण यांपैकी कोणाच्या प्रोसेसरवर चालत आहोत याने काही फरक पडत नाही.

नातेवाइकांसाठी आणि सोसायटीतल्या शेजाऱ्यांसाठी संगणक जुळवून देताना माझे एक मत पक्के होत गेले. प्रोसेसरच्या नावातील पहिल्या शब्दापेक्षा शेवटचे अक्षर नीट वाचावे, आणि प्रोसेसरची किंमत एकटी न पाहता त्याच्याबरोबर घ्याव्या लागणाऱ्या मदरबोर्डची (सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी) व रॅमची (चालू कामाची स्मृती) बेरीज करून पाहावी. पुढील क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

पायरी १ : कामाची यादी कागदावर लिहावी

‘सगळ्यासाठी हवा’ हे उत्तर दुकानदाराच्या सोयीचे असते. त्याऐवजी गेल्या महिन्यात संगणकावर प्रत्यक्षात काय केले, ते चार ओळींत लिहावे. पत्रव्यवहार, हिशेब, ऑनलाइन वर्ग आणि चित्रपट पाहणे एवढीच कामे असतील, तर चार कोअरचा (गणना करणाऱ्या चार स्वतंत्र भागांचा) इंटेल कोअर आय३-१२१०० देखील पुरून उरतो आणि पुढचा सगळा वाद तुमच्यासाठी संपतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला प्रोग्रामिंग आणि अँड्रॉइड स्टुडिओसाठी सहा कोअर आणि भरपूर रॅम असावी. वास्तुरचनेच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे की ऑटोकॅडमधील रेखाटन मुख्यतः एकाच कोअरच्या वेगावर चालते, तर प्रोसेसरवर होणारे रेंडरिंग (आराखड्यावरून वास्तवासारखे चित्र तयार करणे) जितके कोअर मिळतील तितके वापरते. त्यामुळे एकाच विद्यार्थ्याच्या दोन कामांची गरज परस्परांहून वेगळी असू शकते.

पायरी २ : ग्राफिक्स कार्ड घ्यायचे की नाही, हे आधी ठरवावे आणि मग शेवटचे अक्षर वाचावे

माझ्या भाच्याने कोथरूडच्या घरी पहिला संगणक स्वतः जुळवला, तेव्हा रात्री दहा वाजता त्याचा फोन आला : “मामा, पंखे फिरतायत, दिवे लागतायत, पण डिस्प्लेच येत नाहीये.” त्याने केबल दोनदा बदलली होती, रॅम काढून पुन्हा बसवली होती आणि मॉनिटर शेजाऱ्यांकडे नेऊन तपासला होता. मी त्याला खोक्यावरचे नाव वाचायला सांगितले. ते ‘१२४००एफ’ होते. दुकानदाराने स्वस्त पडतो म्हणून तो दिला होता, आणि ग्राफिक्स कार्ड घेणार आहात का, हे विचारले नव्हते. भाच्यानेही सांगितले नव्हते.

इंटेलच्या नावापुढील ‘एफ’ म्हणजे या प्रोसेसरमधील ग्राफिक्सचा भाग बंद आहे. वेगळे कार्ड नसेल तर पडदा काळाच राहणार. ‘के’ म्हणजे वेग वाढवण्याची मोकळीक असलेला प्रोसेसर, ज्याच्याबरोबर कूलर (प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा) मिळत नाही आणि ज्याचा पुरता उपयोग महागड्या ‘झेड’ मालिकेच्या मदरबोर्डवरच होतो. घरगुती वापरासाठी बहुतेकांना कोणतेही अक्षर नसलेला साधा प्रोसेसर योग्य ठरतो.

एएमडीची अक्षरे थोडी अधिक गोंधळात टाकतात. रायझन ५००० मालिकेत ‘जी’ असेल तरच ग्राफिक्स असते, म्हणजे ५६००जी मध्ये आहे आणि ५६०० मध्ये नाही. रायझन ७००० मालिकेपासून मात्र साध्या प्रोसेसरमध्येही कामचलाऊ ग्राफिक्स आले आणि ‘एफ’ असलेल्यांत, उदाहरणार्थ ७५००एफ मध्ये, ते नाही. आकड्यांवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. रायझन ५ ५५०० आणि ५६०० हे दोन्ही सहा कोअरचे असले, तरी पहिल्यात १६ एमबी आणि दुसऱ्यात ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधील जलद साठा) आहे, शिवाय पहिला पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे ग्राफिक्स कार्ड व एसएसडी जोडणाऱ्या मार्गाच्या, तिसऱ्या आवृत्तीवरच अडतो. नावात शंभराचा फरक दिसतो. खेळांमध्ये तो त्याहून बराच मोठा जाणवतो.

ग्राफिक्स कार्ड न घेता हलकेफुलके खेळ खेळायचे असतील, तर ५६००जी किंवा नव्या पिढीतील ८६००जी यांचे अंतर्गत ग्राफिक्स इंटेलच्या याच वर्गातील डेस्कटॉप प्रोसेसरांपेक्षा सरस आहे. मात्र हे ग्राफिक्स मुख्य रॅममधूनच वाटा घेते आणि रॅमच्या वेगावर जगते. म्हणून १६ जीबीची एकच स्टिक न घेता ८ जीबीच्या दोन घ्याव्यात. दुकानदार ‘पुढे वाढवता येईल’ म्हणून एकच सुचवतो. या प्रोसेसरांबाबत तो सल्ला नम्रपणे नाकारावा.

याच पायरीवर लग्नाचे चित्रण किंवा यूट्यूबसाठी संपादन करणाऱ्यांनी थांबून विचार करावा. इंटेलच्या अंतर्गत ग्राफिक्समध्ये क्विक सिंक नावाची व्यवस्था असते, जी व्हिडिओ उलगडण्याचे आणि आवळण्याचे काम प्रोसेसरच्या मुख्य कोअरवर न टाकता स्वतः करते. आजचे अनेक कॅमेरे ज्या दहा-बिट ४:२:२ एचईव्हीसी या रंगांचे अधिक बारकावे जपणाऱ्या प्रकारात चित्रण करतात, तो प्रकार अनेक जुन्या ग्राफिक्स कार्डांना पेलत नाही आणि टाइमलाइन अडखळते. क्विक सिंकला पेलतो. तेव्हा वेगळे कार्ड घेणाऱ्या संपादकानेही इंटेल निवडल्यास ‘एफ’ टाळावा, कारण वाचलेले दोन-तीन हजार रुपये प्रत्येक प्रकल्पात वेळेच्या रूपाने परत द्यावे लागतात.

उलट, खेळ हाच मुख्य हेतू असेल आणि चांगले ग्राफिक्स कार्ड घ्यायचे ठरले असेल, तर एएमडीच्या नावाअखेरचे ‘एक्स३डी’ शोधावे. या प्रोसेसरांमध्ये गणन करणाऱ्या चिपला जोडून कॅशचा अतिरिक्त थर रचलेला असतो. २०२२ साली ५८००एक्स३डी ने ही वाट उघडली आणि पुढील ७८००एक्स३डी व ९८००एक्स३डी या तिघांतही एल३ कॅश ९६ एमबी आहे. खेळांसाठी मी आज यांच्याऐवजी दुसरे काही सुचवणार नाही. एक्सेल आणि ब्राउझरसाठी मात्र हा खर्च वाया जातो.

पायरी ३ : सॉकेट, मदरबोर्ड आणि रॅम यांची बेरीज मांडावी

प्रोसेसर ज्या खाचेत बसतो त्या सॉकेटवर तुमचा मदरबोर्ड ठरतो, आणि मदरबोर्डवर रॅमचा प्रकार. सध्या बाजारात दिसणारे चार पर्याय असे. एएमडीचा एएम४ फक्त डीडीआर४ रॅम घेतो आणि २०२२ मध्ये आलेला एएम५ फक्त डीडीआर५. इंटेलच्या १२व्या, १३व्या आणि १४व्या पिढीचा एलजीए १७०० दोन्ही प्रकारांत मिळतो, पण एका बोर्डवर सामान्यतः एकच प्रकार चालतो. २०२४ अखेरच्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेचा एलजीए १८५१ पुन्हा फक्त डीडीआर५ घेतो. दोन्ही रॅमच्या स्टिकवरील खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची रॅम जोर लावूनही बसत नाही. जोर लावू मात्र नये.

२०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव झपाट्याने चढल्यामुळे या बेरजेला वेगळेच महत्त्व आले आहे. जुन्या संगणकातील डीडीआर४ रॅम हाताशी असेल, तर एएम४ किंवा डीडीआर४ घेणारा एलजीए १७०० बोर्ड निवडून मोठी रक्कम वाचवता येते. कोटेशन मागताना प्रोसेसरचा एकट्याचा भाव विचारू नये. तिन्ही वस्तूंची एकत्रित किंमत दोन्ही कंपन्यांसाठी शेजारी-शेजारी लिहून घ्यावी. प्रोसेसरमध्ये दीड हजाराने स्वस्त वाटणारा संच बोर्डमध्ये तीन हजाराने महाग पडल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

पुढे प्रोसेसर बदलण्याचा विचार असेल, तर इतिहास एएमडीच्या बाजूने आहे. २०१७ साली घेतलेल्या बी३५० बोर्डवर बायोस (बोर्डमधील मूळ प्रणाली) अद्ययावत करून रायझन ५००० मालिकेतील प्रोसेसर अधिकृतपणे बसवता येतो. इंटेलने त्याच २०१७ साली आठवी पिढी आणली, तेव्हा सॉकेटचे नाव ११५१ हेच ठेवूनही जुन्या बोर्डना ती वर्ज्य केली; ज्यांनी नाव पाहून प्रोसेसर घेतला, ते फसले. एएम५ ला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही पाठबळ देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे.

असे असले तरी स्वतःशी प्रामाणिक राहावे. मी जुळवून दिलेल्या संगणकांपैकी फारच थोड्यांत पुढे प्रोसेसर बदलला गेला. बहुतेकांनी सात-आठ वर्षे तोच वापरला, मध्ये रॅम आणि एसएसडी वाढवली, आणि मग सगळेच नवे घेतले. तुम्ही त्यांपैकी असाल, तर ‘भविष्यात वाढवता येईल’ या आश्वासनासाठी आज जादा पैसे मोजण्याची गरज नाही, आणि १२४०० सारखा जुना पण सरळमार्गी प्रोसेसर हा मुळीच चुकीचा निर्णय नाही.

पायरी ४ : उन्हाळा आणि यूपीएस यांचा हिशेब करावा

खोक्यावर छापलेले ६५ किंवा १२५ वॉट हे आकडे पूर्ण सत्य सांगत नाहीत. कोअर आय५-१२४०० वर ६५ लिहिलेले असते, पण त्याला कमाल ११७ वॉटपर्यंत जाण्याची मुभा आहे. आय९-१४९००के वर १२५ असते आणि तो २५३ वॉटपर्यंत जातो. एएमडीच्या बाबतीत छापील आकड्याला साधारण १.३५ ने गुणावे, म्हणजे ६५ चे ८८ आणि १०५ चे १४२ होतात.

पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो आणि वातानुकूलन नसलेल्या खोलीत दुपारी कूलरला गार हवा मिळतच नाही. त्यासाठी मी एएमडीच्या रायझन ५ ७६००एक्स ऐवजी साधा ७६०० सुचवतो. वेगातील फरक जेमतेम काही टक्क्यांचा आहे, साध्यासोबत कूलर खोक्यातच मिळतो, आणि ‘एक्स’ ला तो वेगळा विकत घ्यावा लागतो.

यूपीएसचा मुद्दा दुकानात कोणी काढत नाही. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट भार पेलतो. ग्राफिक्स कार्ड नसलेला १२४०० चा संगणक मॉनिटरसह त्यात आरामात बसतो आणि गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली तरी काम जपून ठेवून बंद करायला वेळ मिळतो. २५३ वॉटचा प्रोसेसर आणि दोनशे वॉटचे ग्राफिक्स कार्ड एकाच वेळी राबत असताना मात्र तोच यूपीएस किंचाळून क्षणात बंद पडेल. वापरल्या जाणाऱ्या विजेतील फरकाला घाबरू नये. ६० वॉटचा फरक रोज चार तास धरला तरी महिन्याला सव्वासात युनिटच होतात.

पायरी ५ : दोन्हीकडचे जाहीर झालेले दोष माहीत असावेत

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतील वरच्या श्रेणीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांमध्ये गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मागितले जाण्याचा दोष २०२४ साली कंपनीने मान्य केला, दुरुस्तीसाठी बायोसमार्फत मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतील सूचनासंच) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधी झालेली झीज मात्र मायक्रोकोडने भरून येत नाही. म्हणून या दोन पिढ्यांतील ‘के’ प्रोसेसर वापरलेला घेऊ नये, आणि नवा घेतल्यास पहिल्याच दिवशी बायोस अद्ययावत करावा. एएमडीही निष्कलंक नाही : २०२३ साली काही बोर्डांवर ७००० मालिकेतील एक्स३डी प्रोसेसर अति व्होल्टेजमुळे जळाले आणि नव्या बायोसने ती मर्यादा १.३ व्होल्टवर आणली. जुना बायोस ही दोन्ही ठिकाणची खरी अडचण होती.

पायरी ६ : दुकानात विचारायच्या गोष्टी

प्रोसेसर सीलबंद खोक्यातील आहे की ‘ट्रे’, म्हणजे खोक्याशिवाय सुटा, आहे, हे स्पष्ट विचारावे. ट्रे प्रोसेसर स्वस्त असतो, पण त्याला उत्पादकाची तीन वर्षांची ग्राहक-वॉरंटी सहसा मिळत नाही. जी मिळते ती विक्रेत्याच्या शब्दावर अवलंबून असते. १८ टक्के जीएसटीसह पक्के बिल घ्यावे आणि त्यावर प्रोसेसरचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. बोर्डचा बायोस तुमच्या प्रोसेसरला ओळखतो का, तेही विचारावे. नाहीतर दुकानातच तो अद्ययावत करून मागावा.

जुना आय७ स्वस्तात मिळतोय म्हणून भुलू नये. विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ ला काही मोजके अपवाद वगळता इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका व त्यापुढचे प्रोसेसर लागतात.

पायरी ७ : बसवताना

एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाशी असतात. एएम५ आणि इंटेलमध्ये त्या बोर्डच्या सॉकेटमध्ये असतात. त्यामुळे एएम४ चा कूलर पुढे कधी काढताना संगणक आधी दहा मिनिटे चालवून थर्मल पेस्ट (प्रोसेसर व कूलर यांमधला उष्णता वाहून नेणारा लेप) मऊ होऊ द्यावी, मग संगणक बंद करून, वायर काढून, कूलर किंचित डावी-उजवीकडे फिरवून सोडवावा. थंड असतानाच सरळ वर ओढलेल्या कूलरला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून आल्याचे आणि कडेच्या पिना वाकल्याचे मी स्वतःच्या हाताने अनुभवले आहे. त्या सुईच्या टोकाने सरळ करण्यात एक अख्खा रविवार गेला.

एलजीए, म्हणजे पिना बोर्डवर असलेल्या, सॉकेटची पट्टी दाबताना लागणारा जोर पहिल्यांदा भीतिदायक वाटतो आणि वरचे काळे प्लॅस्टिकचे झाकण टक् आवाज करून उडते. तसे होणे अपेक्षितच आहे. ते झाकण टाकून देऊ नये, कारण बोर्ड वॉरंटीत परत पाठवताना पिना झाकण्यासाठी सेवा केंद्रात तेच मागतात. ते बिलाबरोबर एका पाकिटात ठेवून द्यावे.