भातासाठी निळे-हिरवे शेवाळ: खड्ड्यात युरिया टाकू नका

निळे-हिरवे शेवाळ हवेतला नत्र बांधते, म्हणून ते भाताच्या खाचरात सोडतात. ते घरीच वाढवण्यासाठी एप्रिल-मे महिन्यात, दिवसभर ऊन येईल अशा जागी 2 मीटर लांब, 1 मीटर रुंद आणि वीतभर खोल खड्डा घ्या आणि त्यात जाड प्लास्टिक अंथरा. 8 ते 10 किलो चाळलेली माती आणि 200 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट टाका. कोकणातली तांबडी माती आम्लधर्मी असते, तिच्यात थोडा चुना मिसळाच. 10 सेंटीमीटर पाणी भरून ढवळा. रात्रभरात गाळ बसला की खात्रीच्या ठिकाणाहून आणलेले शेवाळाचे विरजण वरून भुरभुरा. त्यानंतर पाण्यात हात घालायचा नाही.

आता पुढचे दहा दिवस. इथेच बहुतेकांचा खड्डा बिघडतो, माझाही बिघडला होता. ‘मूठभर युरिया टाका, झपाट्याने वाढेल’ असा सल्ला मला मिळाला आणि मी तो ऐकला. आठवड्यात पाणी पोपटी झाले, हाताला बुळबुळीत लांब धागे लागले. ते साधे हिरवे शेवाळ होते. हवेतला नत्र धरणे त्याला जमत नाही. सगळा खड्डा उपसावा लागला.

नॉस्टॉक, अ‍ॅनाबीना या कुळातले निळे-हिरवे शेवाळ सूक्ष्मदर्शकाखाली मण्यांच्या माळेसारखे दिसते. मधूनमधून एखादा मणी जाड भिंतीचा असतो. ती भिंत प्राणवायूला अडवते, म्हणूनच आत हवेतला नत्र बांधता येतो. पाण्यात नत्र आयता मिळाला की माळेत हे मणी तयारच होत नाहीत. उपाशी पाण्यात टिकणे हेच या शेवाळाचे बळ. युरिया किंवा शेण टाकून तुम्ही ते काढून घेता आणि हिरव्याला रान मोकळे करून देता. वाढ मंद वाटली तर सुपर फॉस्फेट द्या, युरिया कधीच नाही.

डासांच्या अळ्या दिसल्या तर निंबोळी अर्क शिंपडा. पाणी आटू लागले आणि थर अजून पातळ असेल, तर कडेने हळूच पाणी सोडा.

साधारण दोन आठवड्यांत जाड साय धरते. मग पाणी आपोआप आटू द्या, पापुद्रे सुटले की गोळा करून कडक वाळवा. रासायनिक खतांपासून दूर ठेवा.

भाताच्या लावणीनंतर आठवड्याने हे वाळलेले शेवाळ गुंठ्याला 100 ग्रॅम, म्हणजे एकरी 4 किलो, खाचरातल्या उभ्या पाण्यावर फेका. दहा दिवस पाणी तुटू देऊ नका आणि बांधाची भोके त्याआधीच बुजवून घ्या.