रिफर्बिश्ड कन्व्हर्टिबल लॅपटॉप घेताय? आधी बिजागरी बघा

मोठी ऑफिसं आपले लॅपटॉप तीन-चार वर्षांनी एकगठ्ठा बदलतात. तो माल पुसून, तपासून, नव्याने विंडोज घालून ‘रिफर्बिश्ड’ म्हणून परत विकायला येतो. त्यातच स्क्रीन पूर्ण मागे वळवून टॅबलेटसारखे वापरता येणारे कन्व्हर्टिबलही असतात. लेनोवोचे थिंकपॅड एक्स१ योगा, एचपीचे एलिटबुक एक्स३६० आणि डेलचे लॅटिट्यूड टू-इन-वन ही त्यातली नेहमी दिसणारी नावं. बांधणी दणकट, कीबोर्ड उत्तम, दुरुस्तीची माहितीपुस्तिका कंपनीच्या साइटवर उघड. म्हणजे विकत घेण्यासारखी गोष्ट आहेच.

फक्त एक लक्षात ठेवा. रिफर्बिश करणारा जे स्वस्तात बदलता येतं तेच बदलतो: एसएसडी, चार्जर, झिजलेल्या की, झाकणावरचं स्टिकर. महाग असतं ते आहे तसंच राहतं. कन्व्हर्टिबलमध्ये महाग गोष्टी चार: टचसकट स्क्रीन, बिजागरी, मदरबोर्डवरच डकवलेली रॅम आणि मदरबोर्डमध्ये बसलेली (पासवर्डसारखी) कुलपं. ‘ए ग्रेड’, ‘बी ग्रेड’ या शिक्क्यांचा या चारांशी काही संबंध नाही. ग्रेड बाहेरच्या ओरखड्यांवरून देतात, आणि तीही ज्याची त्याची वेगळी असते.

मॉडेल निवडताना

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे विंडोज ११ अधिकृतपणे चालेल असंच यंत्र घ्या. त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि इंटेलच्या बाबतीत, सातव्या पिढीतले मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर. पिढी नावातच असते. आय५-८२५०यू मधला पहिला ८ म्हणजे आठवी पिढी, आय५-१०२१०यू मधले १० म्हणजे दहावी. जाहिरातीत नुसतं ‘आय७’ लिहिलं असेल तर पूर्ण नंबर मागा. सातव्या पिढीच्या आय७-७६००यू मध्ये दोनच कोअर आहेत, तर आठव्या पिढीच्या साध्या आय५-८२५०यू मध्ये चार. नावाला भुलून जुना आय७ घेतला की पैसे जास्त जातात आणि विंडोज ११ ही अधिकृतपणे चालत नाही.

रॅम १६ जीबी घ्या. एक्स१ योगासारख्या पातळ मॉडेलमध्ये ती मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. आज ८ जीबी घेतली की यंत्र मोडीत जाईपर्यंत ८ च राहणार. लॅटिट्यूड ५३०० टू-इन-वनसारख्या थोड्या जाड मॉडेलमध्ये स्लॉट असतात, तिथे कमी रॅम घेऊन नंतर वाढवता येते. एसएसडीचं याच्या उलट. ती जवळपास सगळीकडे बदलता येते, तेव्हा ‘१ टीबी आहे’ म्हणून जास्त मोजू नका. त्याच पैशात वरची रॅम मिळत असेल तर ती घ्या.

एचपीच्या काही मॉडेलमध्ये ‘शुअर व्ह्यू’ नावाचा, बाजूने बघणाऱ्याला काही दिसू न देणारा पडदा पॅनेलमध्येच असतो. बँकेच्या कारकुनाला तो सोयीचा. तुम्ही कन्व्हर्टिबल घेताय तंबूसारखा उभा करून चौघांनी बघायला, किंवा टेबलावर आडवा ठेवून लिहायला, तर हा पडदा टाळाच. तिरक्या कोनातून रंग फिके पडतात. पहिल्या पिढीच्या एक्स१ योगात ओलेड स्क्रीनचा पर्याय होता. तो वापरलेला असेल तर राखाडी रंगाचं चित्र पूर्ण स्क्रीनवर लावून खालच्या टास्कबारची सावली उमटली आहे का ते बघा.

पेनचा घोळ

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. सगळी पेनं दिसायला सारखी असली तरी आतल्या पद्धती वेगळ्या: वॅकॉमची एईएस, वॅकॉमचीच जुनी ईएमआर आणि मायक्रोसॉफ्टची एमपीपी. एका पद्धतीचं पेन दुसऱ्या स्क्रीनवर ठिपकाही उमटवत नाही. (एईएस आणि एमपीपी दोन्ही बोलणारी पेनंही मिळतात, पण पाकिटावर तसं स्पष्ट लिहिलेलं हवं.) एकाच मालिकेत पिढी बदलली की पद्धतही बदललेली असू शकते, म्हणून मालिकेचं नाव पुरेसं नाही, नेमक्या मॉडेल नंबरावरून कंपनीच्या पानावर पेनचा पार्ट नंबर शोधा.

एक्स१ योगाच्या कडेला पेनसाठी खाच असते आणि पेन त्यातच चार्ज होतं. ऑफिसात ही पेनं हमखास हरवतात, म्हणून विकायला येताना खाच पुष्कळदा रिकामी असते. विक्रेत्याला दोन प्रश्न विचारा: पेन बरोबर आहे का, आणि ते चार्ज धरतं का? नुसतं ‘पेन सपोर्ट आहे’ या उत्तराचा अर्थ पेन नाही असाच घ्यायचा.

पेन हातात आल्यावर पेंट उघडा. पट्टी धरून अगदी सावकाश तिरप्या रेषा ओढा, दोन्ही दिशांनी, स्क्रीनभर. एईएस पद्धतीत सावकाश तिरपी रेषा किंचित लहरते, तो दोष नाही. रेषा ठरावीक पट्ट्यात दर वेळी तुटत असेल तर मात्र डिजिटायझर, म्हणजे पेन ओळखणारा थर, गेलेला आहे. मग तळहात स्क्रीनवर टेकवून लिहा. हाताचे ठसे उमटता कामा नयेत. शेवटी पेन बाजूला ठेवा आणि बोटाने तोच खेळ करा: एखादं आयकॉन धरून चारही कडांना घासत, मग कोपऱ्यातून कोपऱ्यात न्या. ते मध्येच सुटलं तर तिथे टच मेलाय. कुणी हात न लावता कर्सर उडत असेल तर भुताचा टच, म्हणजे पॅनेल खराब. या यंत्रांत काच, टच आणि पॅनेल बहुधा एकत्र चिकटवलेले असतात, त्यामुळे एक बिघडलं की सगळं बदलायचं. तो खर्च स्वस्तात घेतलेल्या यंत्राच्या निम्म्यावरही जाऊ शकतो.

बिजागरी

साध्या लॅपटॉपचं झाकण दिवसातून दोनदा उघडतं. इथे तीच बिजागरी पूर्ण गोल फिरते, आणि स्क्रीनची केबल तिच्यातूनच जाते. म्हणून तपासणी अशी करा:

१. झाकण एकाच कोपऱ्याला धरून उघडा. दुसरी बाजू मागे राहिली किंवा ‘कट्’ आवाज आला तर बिजागरी किंवा तिचे स्क्रू धरणारा प्लास्टिकचा भाग फुटलाय. दुसऱ्या कोपऱ्याने पुन्हा करा.

२. साधारण ११० अंशांवर ठेवून स्क्रीनच्या वरच्या कडेला टिचकी मारा. एक-दोन हेलकाव्यांत थांबायला हवी. डुलत राहिली तर पेनने लिहिताना वैताग येईल.

३. पूर्ण पांढरं चित्र लावा आणि स्क्रीन बंद होण्यापासून पूर्ण मागे जाईपर्यंत अगदी हळू फिरवा. ठरावीक कोनातच पट्टे, लुकलुक किंवा गुलाबी झाक दिसली की केबल चेपलेली आहे. आज अधूनमधून दिसतं, सहा महिन्यांनी कायमचं. त्याच पांढऱ्या चित्रात कीबोर्डच्या दाबाचे उजळ डाग आणि मेलेले पिक्सेलही दिसतात, ते मोजून घ्या.

४. तंबूसारखं उभं करून पाच मिनिटं सोडा. पाय पसरून खाली बसता कामा नये.

५. पूर्ण मागे दुमडल्यावर दोन्ही फळ्यांमधली फट डावी-उजवीकडे सारखी आहे का बघा.

याच वेळी सेन्सरही तपासून टाका. नोटपॅड उघडून स्क्रीन सपाट कोनाच्या पलीकडे नेली की कीबोर्ड आपोआप बंद पडला पाहिजे, आणि परत आणल्यावर लगेच चालू झाला पाहिजे. कीबोर्ड अधूनमधून दगा देतो अशी तक्रार असली तर दोष पुष्कळदा कीबोर्डचा नसून यंत्राला ‘मी टॅबलेट आहे’ असं सांगत राहणाऱ्या सेन्सरचा असतो. चित्र फिरत नसेल तर घाबरण्याआधी रोटेशन लॉक चालू नाही ना ते बघा.

कुलपं

ऑफिसचं यंत्र म्हणजे ऑफिसची कुलपंही बरोबर येतात. पैसे देण्याआधी, किंवा परत करायची मुदत संपण्याआधी तरी, ही तपासणी चुकवू नका.

पहिलं बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारी, मदरबोर्डमधली मूळ सेटिंग. सुरू होताना लेनोवोवर एफ१, डेलवर एफ२, एचपीवर एफ१० दाबून आत जा. पासवर्ड मागितला, किंवा आत गेलात पण सेटिंग बदलता येत नाही, तर यंत्र परत. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड विसरला तर कंपनीचं अधिकृत उत्तर मदरबोर्ड बदला हेच आहे. आत असतानाच सिक्युरिटीखाली ‘अ‍ॅब्सोल्यूट’ किंवा ‘कॉम्प्युट्रेस’ शोधा. ही चोरीला गेलेल्या यंत्राचा माग काढणारी सोय आहे. ती चालू असेल तर जुन्या मालकाने यंत्र सोडलेलं नाही. विक्रेत्याने ती त्यांच्याकडूनच काढून आणायला हवी.

दुसरं ऑटोपायलट, म्हणजे कंपन्यांचे लॅपटॉप दुरून सेट करायची मायक्रोसॉफ्टची सोय. यात यंत्राची हार्डवेअर ओळख जुन्या कंपनीच्या नावावर मायक्रोसॉफ्टकडे नोंदलेली असते. एसएसडी बदलून किंवा विंडोज नव्याने घालून ती पुसली जात नाही. विक्रेता इंटरनेटशिवाय विंडोज घालून देतो तेव्हा सगळं ठीक दिसतं. पुढे कधी रीसेट केलंत की कुठल्या तरी कंपनीचं नाव आणि तिचा ईमेल मागणारा पडदा समोर येतो. म्हणून घेतल्याबरोबर स्वतः रीसेट करा आणि सेटअपच्या पहिल्याच टप्प्यात वायफाय जोडा. अनोळखी संस्थेचं नाव आलं तर यंत्र परत. ही नोंद ती संस्थाच काढू शकते.

तिसरं लायसन्स. कमांड प्रॉम्प्टमध्ये रोमन अक्षरांत ‘एसएलएमजीआर’, मोकळी जागा, मग तिरकी रेघ (/) आणि ‘एक्सपीआर’ टाइप करा. ‘कायमस्वरूपी अ‍ॅक्टिव्हेट’ असं उत्तर हवं. त्याऐवजी संपण्याची तारीख दिसली तर कंपन्यांसाठीच्या केएमएस पद्धतीने तात्पुरतं चालू केलंय. ते १८० दिवसांचं असतं, आणि तुमच्यासाठी नसतंच.

बॅटरी

पातळ यंत्रात बॅटरी आत बसवलेली असते, पण ती बदलता येते. म्हणून कमजोर बॅटरीमुळे सौदा मोडायची गरज नाही, तिची किंमत वजा करा. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’, मोकळी जागा, तिरकी रेघ (/) आणि ‘बॅटरीरिपोर्ट’ (पुन्हा रोमन अक्षरांत) लिहिलं की एक अहवाल तयार होतो आणि तो कुठे ठेवला ते पडद्यावर येतं. त्यातली डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आत्ताची) बघा. दुसरी पहिलीच्या ८० टक्क्यांवर असेल तर उत्तम, ७० च्या खाली असेल तर नवी बॅटरी धरूनच भाव ठरवा. दोन्ही आकडे तंतोतंत सारखे आणि चार्ज सायकल शून्य दिसली तर खूश होऊ नका. बहुधा ती कमअस्सल नवी बॅटरी असते. अहवालात बॅटरी बनवणाऱ्याचं नाव असतं, ते मूळ कंपनीच्या यंत्रात शोभेलसं आहे का बघा.

आकडे खोटे बोलू शकतात, म्हणून १०० टक्के चार्ज करून चार्जर काढा, उजेड निम्मा ठेवा आणि तासभर व्हिडिओ चालवा. टक्के सावकाश उतरायला हवेत. ४० वरून एकदम १२ वर उडी मारली तर एखादा सेल गेलाय.

फुगलेल्या बॅटरीशी मात्र तडजोड नाही. ट्रॅकपॅड वर आलेला, क्लिक जड झालेला, टेबलावर ठेवल्यावर यंत्र डुगडुगतंय, खालच्या पत्र्याला पोट आलंय: यापैकी काहीही दिसलं तर चार्जसुद्धा करू नका.

उष्णता आणि पोर्ट

एचडब्ल्यूइन्फो हे तापमान आणि वेग दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर लावून ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटं एखादं जड काम चालवून प्रोसेसरवर ताण द्या. तापमान ९० अंश सेल्सिअसच्या वर जाणं पातळ यंत्रात नवल नाही. वेग प्रोसेसरच्या मूळ (बेस) आकड्याच्याही, म्हणजे आय५-८२५०यू साठी १.६ गिगाहर्ट्झच्याही, खाली घसरत असेल तर पंख्यात धूळ आहे किंवा थर्मल पेस्ट वाळलंय. हे स्वस्तात सुटतं, पण भाव करायला कामी येतं. एसएसडीचं आयुष्य क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये दिसतं.

यूएसबी-सी पोर्ट सगळे तपासा, प्रत्येकातून चार्जिंग आणि डेटा दोन्ही. प्लग सैल बसत असेल तर पोर्ट झिजलाय, आणि तो बहुधा मदरबोर्डवर सोल्डर केलेला असतो. २०१७ ते २०१९ मधल्या काही थिंकपॅडमध्ये थंडरबोल्ट या वेगवान जोडणीच्या फर्मवेअरमधल्या (चिपमधल्या सॉफ्टवेअरमधल्या) चुकीने हे पोर्ट बंद पडत. लेनोवोने त्यासाठी सुधारणा काढली होती. अशा यंत्रात पोर्ट चालू असले तरी ती पहिल्याच दिवशी घाला. चार्जर ६५ वॉटचा घ्या. फोनच्या चार्जरवर यंत्र चालेलही, पण काम करताना बॅटरी उतरत जाईल.

सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून मूळ जडणघडण बघा. तिथे एका प्रकारची स्क्रीन लिहिलेली आणि तुमच्या हातात वेगळीच असेल, तर कुणीतरी पॅनेल बदललंय. कसं बदललंय ते बिजागरीच्या तपासणीत कळेलच. सगळं पार पडून यंत्र ठेवायचं ठरलं की बायोस अद्ययावत करा आणि चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर बांधा. लेनोवोत ती व्हँटेज अ‍ॅपमधून, डेलमध्ये पॉवर मॅनेजर अ‍ॅपमधून होते, तर एचपीत बायोसमध्येच बॅटरी हेल्थ मॅनेजर नावाचं सेटिंग असतं.