चोडणला घारी-गरुड बघायला जाताना आधी तिथी बघा

गोव्यात मांडवी नदीतल्या चोडण बेटावरच्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात जायचं ठरलं की लोक कॅमेरा चार्जिंगला लावतात. मी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर बघते. लग्न होऊन चोडणच्या समोरच्या काठावर, रायबंदरला आले तेव्हा सासऱ्यांची खाजन शेती होती, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली खारी जमीन. मानशीचं, म्हणजे बांधातून पाणी आत-बाहेर सोडायच्या झडपेचं, दार कधी उघडायचं, कधी लावायचं, हे ते तिथीवर ठरवायचे. हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ, मग पक्ष शुद्ध असो की वद्य. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. तिथून सहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी.

हा हिशेब न केल्याची शिक्षा मी भोगलेली आहे. सप्तमीला अकरा वाजता आम्ही होडीत बसलो. होडीवाला सांगत होता, "उदक भरूं दी, मागीर या" (पाणी भरू दे, मग या), पण आमच्या ह्यांना घाई. खाडीच्या आतल्या फाट्यात होडी चिखलात बसली ती दोन तास. पक्षी राहिले बाजूला, निवटे, म्हणजे चिखलात उड्या मारणारे मासे, मात्र पोटभर बघितले.

तर होडीतून खारफुटीच्या आत जायचं असेल तर एकादशी-द्वादशीची सकाळ धरा. पायवाटेनंच फिरणार असाल तर तृतीया-चतुर्थी बरी. आठ-नऊला चिखल उघडा पडतो, चिखलपायटे पक्षी चरायला उतरतात आणि त्यांच्या मागावर शिकारी येतात. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मोरघार (ऑस्प्रे) आणि दलदल भोवत्या (मार्श हॅरियर) हे शिकारी पक्षी हिवाळी पाहुणे, त्याआधी आलात तर भेटतीलच असं नाही.

बघायला सुरुवात अभयारण्याच्या फाटकाशी नाही, रायबंदरहून चोडणला नेणाऱ्या फेरीबोटीतच करा. गाडीत बसून राहू नका, कठड्याशी उभे राहा. पहिला नियम: रंग नंतर, शेपूट आधी. शेपटीला मधोमध खाच असेल तर ती आपली साधी घार. शेपूट गोलसर असेल तर ब्राह्मणी घार. मोठी झालेली ब्राह्मणी कोणीही ओळखेल, डोकं-छाती पांढरी आणि बाकी अंग विटकरी. पण तिचं पिल्लू तपकिरी असतं आणि तिथे सगळे फसतात. मीही दोन वर्षं फसले.

मोरघारीला मात्र पंखांवरून ओळखायचं. उडताना पंख कोपरात मोडल्यासारखे दिसतात, खालून अंग पांढरं आणि डोळ्यावरून काळी पट्टी. नदीत रोवलेल्या खुंटांवर सकाळी ती बसलेली असते, म्हणून रिकामा वाटणारा प्रत्येक खुंट दुर्बिणीतून बघा. ती पाय पुढे करून पाण्यात झेपावते आणि मासा धरला की त्याचं तोंड पुढे करून नेते, म्हणजे वारा कमी अडतो. तिचं बाहेरचं बोट मागेही वळतं, तळव्याला काटे असतात; निसटायची सोयच नाही. ब्राह्मणी घार असं बुडत नाही, ती वरच्या वर उचलते.

चिखलावर किंवा शेतावर अगदी खालून, पंख 'व्ही'सारखे वर धरून कोणी तरंगत गेलं तर तो भोवत्या. तसेच पंख, पण उंचावर, पोट पांढरं आणि शेपूट आखूड, पाचरीसारखी? मग समुद्रगरुड. तो बारा महिने इथलाच.

साडेनऊनंतर ऊन तापलं की हे सगळे वर चढतात आणि ठिपके होतात, म्हणून लवकर या.

आता समोरच्या पणजीबद्दल. मांडवीवर कॅसिनोच्या बोटी आहेत, २०१९ पासून अटल सेतू आहे, आणि शहराच्या कचऱ्यावर घारींची चंगळ आहे. त्यामुळे फेरीतले पाहुणे दिसेल त्या घारीला गरुड म्हणतात. भांडू नका, शेपूट दाखवा. अभयारण्य १९८८ साली जाहीर झालं, सलीम अली गेले त्याच्या पुढच्याच वर्षी. क्षेत्र जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर. एवढ्याशा जागेत शिकारी पक्ष्याचं भागत नाही, तो नदी, शेतं, मिठागरं सगळीकडे हिंडतो. तेव्हा परतताना पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात बांधलेल्या रायबंदर-पणजी बांधाच्या कडेला, मिठागरांपाशी अर्धा तास थांबा. माझा पहिला भोवत्या मला तिथेच दिसला, आत नाही.

सोबत दुर्बीण, पाणी, टोपी आणि अंगभर कपडे. खारफुटीत डास सोडत नाहीत. भडक रंग नको. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नका. जखमी घार सापडली तर टॉवेल टाकून पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा आणि वनखात्याला कळवा. तिच्या चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

आणि समुद्रगरुडाचं घरटं. हिवाळ्यात उंच झाडावर काटक्यांचा भारा दिसला तर लांबूनच बघा. मला एक माहीत आहे. कुठल्या झाडावर, ते मात्र विचारू नका; माझ्या नणंदेलाही अजून सांगितलेलं नाही.