आरएक्स १०० मॉडिफाय केली, आता कार्बचं जेटिंग कसं जमवायचं

चेंबर (फुगीर पोटाचा खास सायलेन्सर) लावला, फिल्टरचा डबा काढून पॉड (उघडा फिल्टर) लावला, पोर्टिंग (ब्लॉकमधल्या वाटा घासून मोठ्या करणं) करून घेतलं आणि गाडी मात्र स्टॉकपेक्षा वाईट पळतेय, मधेच दम तोडते, टॉपला गेल्यावर कोंडते, अशी तक्रार आरएक्सवाल्यांकडून सारखी ऐकू येते म्हणून हे सविस्तर लिहितोय. बहुतेक वेळा दोष चेंबरचाही नसतो आणि पोर्टिंग करणाऱ्या मेस्त्रीचाही नसतो. इंजिन आता जास्त हवा ओढतंय आणि कार्ब (कार्ब्युरेटर) अजून जुन्या हिशोबानेच पेट्रोल देतोय. कार्बमधले जेट म्हणजे ठरावीक मापाच्या भोकाचे छोटे पार्ट, त्यातून पेट्रोल जातं, आणि ते इंजिनाला बसतील असे जमवणं म्हणजे जेटिंग. आणि टू-स्ट्रोकमधे पेट्रोल कमी पडलं की नुसता पिकअप जात नाही, आत येणारं पेट्रोल पिस्टनला थंडही ठेवत असतं, आणि ऑइल पंप काढून पेट्रोलमधेच ऑइल मिसळून चालवत असाल तर पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, त्यामुळे फुल थ्रॉटलला लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) झालेली गाडी थेट पिस्टन चिकटवते. १९८५ ते १९९६ मधल्या या गाड्यांचे ओरिजिनल ब्लॉक (सिलेंडर) आता सहज मिळत नाहीत, रीबोअर (ब्लॉक आतून घासून मोठा करणं) किती वेळा करणार, म्हणून घाई नको.

हे सगळं मी मिकुनी व्हीएम टाइपचा कार्ब धरून सांगतोय, स्टॉकला व्हीएम २० असतो (आकडा म्हणजे कार्बच्या तोंडाचं मिलिमीटरमधलं माप), पुढे लोक २२, २४, २८ पर्यंत जातात. मोठा कार्ब म्हणजे जास्त पॉवर असं सरसकट नसतं. ९८ सीसी इंजिनाला, ५० बाय ५० चा बोअर-स्ट्रोक, पोर्टिंग न करता २८ चा कार्ब लावला की खालच्या आरपीएमला हवेचा वेग पडतो, जेटमधून पेट्रोल नीट ओढलंच जात नाही, आणि मग कितीही जेट बदला, गाडी शहरात चालवायला त्रासच देणार. रोडवर चालवायची असेल तर २२-२४ च्या पुढे जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे.

जेटला हात लावायच्या आधी इंजिन कुठे बाहेरची हवा खातंय का ते बघा. हे सोडून लोक आठवडाभर जेट बदलत बसतात आणि काहीच जमत नाही कारण गळती असली की प्रत्येक आरपीएमला मिक्स्चर वेगळं होतं. कार्ब आणि ब्लॉकच्या मधलं रबर मॅनिफोल्ड भेगाळलेलं असतं, रीडचं (हवा एकाच दिशेने आत सोडणाऱ्या पातळ पट्ट्यांचं) गॅस्केट बसलेलं नसतं, आणि सगळ्यात लपून राहणारं म्हणजे मॅग्नेटच्या बाजूचं क्रँक सील (क्रँकशाफ्टच्या टोकाचं रबर सील). ते गेलं की थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम लगेच खाली येत नाहीत, वरच अडकून राहतात. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर उलट, गिअर ऑइल आत ओढलं जातं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबतच नाही. साधी तपासणी म्हणजे गाडी स्लोला (थ्रॉटल न देता) चालू ठेवून मॅनिफोल्डच्या कडेने कार्ब क्लीनर मारायचा, आवाज बदलला की तिथे गळती आहे. गाडी गार असताना करा आणि पेटतं काही जवळ नको. नीट करायचं असेल तर इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही बंद करून प्रेशरचा काटा असलेल्या सायकलच्या पंपाने ५-६ पीएसआय हवा भरायची, काटा जागेवर राहिला पाहिजे. काटा पडतोय तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठे येतात बघा. फ्लोटची (कार्बच्या वाटीत पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या पार्टची) लेव्हल पण आत्ताच मॅन्युअलप्रमाणे करून घ्या, फ्लोटची सुई झिजलेली असेल तर नवीन टाका. प्लग नवा, हीट रेंज (प्लग किती गरम राहतो ते) कंपनीने सांगितलेली, फक्त लक्षात ठेवा की एनजीकेमधे नंबर मोठा तेवढा प्लग थंड आणि बॉशमधे बरोबर उलटं.

आता कार्बचा कोणता पार्ट कधी काम करतो ते डोक्यात पक्कं पाहिजे. थ्रॉटल अगदी बंद ते आठवा हिस्सा, इथे पायलट जेट आणि एअर स्क्रू. आठवा ते पाव, इथे स्लाइडचा (थ्रॉटलच्या केबलने वर-खाली होणाऱ्या पार्टचा) खालचा कापलेला भाग म्हणजे कटअवे. पाव ते पाऊण, नीडल (स्लाइडला लटकलेली निमुळती सुई) आणि तिची क्लिप. पाऊणच्या वर मेन जेट. हे एकमेकांत थोडे मिसळलेले असतात पण ढोबळमानाने हेच. आणि हे सगळं थ्रॉटल किती उघडलाय त्यावर आहे, आरपीएमवर नाही, इथेच अर्धे लोक चुकतात. चौथ्या गिअरला साठच्या स्पीडने आरामात चाललाय तेव्हा गाडी पायलट आणि नीडलवर चाललेली असते, तिथे मिसिंग होतंय म्हणून मेन जेट बदलून काही होत नाही. म्हणून एक काम करा, एक्सिलेटरच्या मुठीवर आणि शेजारच्या स्विचच्या डब्यावर कागदी चिकटपट्टी लावा, फिल्टर काढून कार्बची स्लाइड बघत बघत बंद, पाव, अर्धा, पाऊण, फुल अशा खुणा पेनाने करून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे पण यानंतर प्रॉब्लेम नेमका कुठे आहे ते अंदाजाने सांगावं लागत नाही.

रिच (पेट्रोल जास्त) आणि लीन ओळखायचं कसं तर, रिच असेल तर गाडी बुडबुडल्यासारखी बर्रबर्र करते, धूर जास्त, प्लग काळा ओला, आणि गार असताना बरी चालते पण तापली की जड होते. लीन असेल तर उलट, गार असताना चोकशिवाय चालत नाही, थ्रॉटल दिला की क्षणभर काहीच होत नाही आणि मग एकदम उचलते, आरपीएम खाली यायला वेळ लागतो, चढावर खडखड असा बारीक धातूचा आवाज येतो. तो आवाज आला की तिथेच थ्रॉटल सोडा. शंका असेल तर चोक थोडा ओढून बघा, या कार्बमधे चोक म्हणजे वेगळ्या वाटेने जास्तीचं पेट्रोल, त्यामुळे चोक ओढल्यावर गाडी सुधारली तर लीन होती, आणखी बिघडली तर रिच होती.

सुरुवात कायम रिचकडून करायची. मेन जेट स्टॉकपेक्षा चार-पाच साइझ मोठा टाका, पायलट एक साइझ मोठा, नीडलची क्लिप मधल्या खाचेत किंवा एक खाच खाली. क्लिप खाली म्हणजे नीडल वर, म्हणजे रिच. गाडी खराब चालेल, चालू दे, रिच गाडीने नुकसान होत नाही. दुसऱ्याने अमुक नंबर टाकला म्हणून तोच आपल्याला बसेल असं धरू नका, पोर्ट वेगळे, चेंबर वेगळा, आणि मिकुनीचा नंबर व केहिनचा नंबर एकाच मापाचे नाहीत. केहिनमधे नंबर म्हणजे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यात, १०० म्हणजे १ मिलिमीटर, आणि १०० चा १०५ केला तर भोकाचं क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी वाढतं, पाच नाही. ड्युप्लिकेट जेटवर नंबर छापलेला असतो पण भोक त्या मापाचं असेलच असं नाही, म्हणून एकाच चांगल्या कंपनीचा पूर्ण सेट घ्या. जुन्या जेटमधे तार घालून किंवा ड्रिलने भोक मोठं करायची पद्धत काही गॅरेजमधे अजून आहे, ती अजिबात नको, मग नंबरला काही अर्थच राहत नाही.

पहिलं पायलट. गाडी पूर्ण तापवा, चार-पाच किलोमीटर फिरून या. स्लोचा स्क्रू थोडा वाढवा. एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत बसवा, दाबू नका, मग दीड आटा बाहेर काढा. आता पाव-पाव आटा फिरवत आरपीएम सगळ्यात जास्त कुठे होतात ते शोधा, प्रत्येक वेळी पाच-दहा सेकंद थांबून ऐका. व्हीएममधे हा स्क्रू हवेचा आहे, फिल्टरच्या बाजूला असतो, बाहेर काढला की लीन, आत घेतला की रिच. फोर-स्ट्रोकच्या बऱ्याच कार्बना इंजिनाच्या बाजूला पेट्रोलचा स्क्रू असतो आणि तिथे उलटं चालतं, त्यामुळे बुलेट-पल्सरवाल्याचा सल्ला इथे लावू नका. सगळ्यात चांगली जागा एक ते दोन आट्यांच्या मधे आली तर पायलट बरोबर. अडीचच्या पुढे काढल्यावरच बरी चालते म्हणजे पायलट मोठा झालाय, एक साइझ छोटा टाका. अर्ध्या आट्याच्या आत जावं लागतंय म्हणजे पायलट छोटा आहे. जमलं की स्लो परत खाली आणा.

मग मेन जेट, आणि हा नीडलच्या आधी, कारण नीडलच्या भागातलं पेट्रोल पण मेन जेटमधूनच येतं, मेन बदलला की मधलं पण थोडं सरकतं. मोकळा, सरळ, हलक्या चढाचा रस्ता बघा, गर्दीच्या वेळी नको, ट्रॅक मिळाला तर सगळ्यात उत्तम. हेल्मेट, ग्लोव्ह्ज, आणि डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर, आवाज जरा बदलला किंवा गाडीने मागे ओढल्यासारखं केलं की क्लच आधी दाबायचा, विचार नंतर. तिसऱ्या-चौथ्या गिअरला फुल थ्रॉटल द्या. मोठ्या जेटवर गाडी वर जाऊन बर्रबर्र करायला लागेल, पूर्ण आरपीएम घेणार नाही. आता एक-एक साइझ खाली या, प्रत्येक वेळी तोच रस्ता, तोच गिअर. कुठेतरी ती बर्रबर्र जाऊन गाडी स्वच्छ ओढायला लागेल. तिथे थांबा आणि प्लग बघा.

प्लग बघायचा तर नवा कोरा प्लग टाकून त्याच रस्त्यावर फुल थ्रॉटलची ओढ घ्यायची आणि फुलमधे असतानाच एका दमात क्लच दाबून इंजिन बंद करायचं, किल स्विच असेल तर त्याने नाहीतर चावीने, मग गाडी कडेला घरंगळत आणायची. स्लोला चालवत घरी आणून प्लग काढला तर तो तुम्हाला स्लोचंच मिक्स्चर दाखवणार. आणि प्लगचं टोक नाही बघायचं, पांढरी चिनीमाती आत खोल जिथे लोखंडाला मिळते तिथे एक रिंग उमटते, ती टॉर्च लावून बघायची. तिथे चहाच्या रंगाची स्पष्ट रिंग पाहिजे. रिंगच नाही, सगळं पांढरंफटक, किंवा चिनीमातीवर बारीक चमकणारे कण दिसतायत तर लगेच दोन साइझ वर जा, ते कण पिस्टनचं ॲल्युमिनियम असतं. आताच्या पेट्रोलवर रंग पूर्वीसारखा पटकन येत नाही, त्यामुळे एका ओढीवर निर्णय घेऊ नका, दोन-तीन घ्या. प्लगच्या भोकातून टॉर्चने पिस्टनचा माथाही बघा, ट्रान्स्फर पोर्टच्या (ताजं मिक्स्चर आत येतं त्या वाटांच्या) बाजूला धुतल्यासारखे स्वच्छ पट्टे थोडे दिसले पाहिजेत. सगळा माथा कोरडा काळा-तपकिरी म्हणजे लीनकडे, अर्धा माथा धुतलेला म्हणजे फारच रिच. जो जेट सगळ्यात जोरात पळवतो त्यापेक्षा एक साइझ मोठा कायमसाठी ठेवा, रोडच्या गाडीला हेच योग्य.

नीडल आता. अर्ध्या थ्रॉटलच्या खुणेवर धरून चालवा, मग पावपासून पाऊणपर्यंत हळू न्या. मधे बुडबुडते तर क्लिप एक खाच वर, मधे कोरडी-ढिली वाटते किंवा खडखड येते तर एक खाच खाली. एका वेळी एकच खाच आणि दुसरं काहीही हलवायचं नाही, हे फार महत्त्वाचं आहे, दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशामुळे काय झालं ते कळत नाही. रोजच्या वापरात गाडी सगळ्यात जास्त याच भागात चालते म्हणून इथे वेळ द्या. कटअवे शेवटी, आणि बहुतेकांना त्याला हात लावायची गरजच पडत नाही. पाव थ्रॉटलच्या खाली एकच खड्डा राहिला आणि पायलट-नीडल दोन्ही पक्के असतील तरच स्लाइड बदला, नंबर मोठा तेवढी लीन. हे झालं की पायलट आणि मेन परत एकदा तपासा. कार्ब बदलला असेल आणि ऑइल पंप अजून चालू असेल तर पंपाची केबल नव्याने ॲडजस्ट करायलाच पाहिजे, नव्या कार्बच्या स्लाइडचा प्रवास वेगळा असतो.

प्रीमिक्सवाल्यांसाठी (पेट्रोलमधेच ऑइल मिसळणाऱ्यांसाठी) एक. ऑइल वाढवलं म्हणजे सेफ असं नाही, तेवढीच जागा पेट्रोलची कमी होते आणि मिक्स्चर लीनकडे सरकतं. एका लिटरला जे ४० मिली किंवा ३० मिली ठरवलंय त्यावरच जेटिंग करा आणि ते बदलू नका.

पेट्रोलचं तर बघायलाच पाहिजे. आता पंपावर ई२० मिळतं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल, आणि इथेनॉलमधे स्वतःचा ऑक्सिजन असतो. साध्या पेट्रोलला एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते, ई२० ला १३.५ च्या आसपास, म्हणजे जुन्या पेट्रोलवर बरोबर असलेला जेट आज सात-आठ टक्के लीन आहे, काहीही मॉडिफाय न करता. दहा वर्षांपूर्वी कोणी करून दिलेलं जेटिंग "मस्त आहे, हात लावू नको" म्हणून तसंच चालवत असाल तर आधी प्लग बघा. पॉडबद्दल पण सांगतो, आपल्याकडच्या पावसात उघडा पॉड भिजतो आणि मिक्स्चर रोज वेगळं होतं, रोडच्या गाडीला मोठं तोंड केलेला डबाच बरा. आणि असे बदल केलेली गाडी रस्त्यावर आणताना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत केलेल्या बदलांबद्दलचं) आणि आवाजाचे नियम लागू होतात, चेंबरचा आवाज दाबणारा सायलेन्सर शेवटी लावाच.

हवामानाचा फरक तर खूपच पडतो. नाशिकला थंडीत सकाळी १० डिग्री आणि एप्रिलच्या दुपारी ४०, एवढ्यात हवेचा दाटपणा दहा टक्के बदलतो. थंड हवा दाट, म्हणून लीन. म्हणजे जेटिंग मे महिन्यात केलं असेल तर डिसेंबरच्या पहाटे एक साइझ मोठा मेन टाका. उंचीचं पण तेच, महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर आणि खाली पोलादपूर-महाड जवळपास समुद्रसपाटीला, तिथे हवा बारा-तेरा टक्के दाट मिळते. दाट हवा जेटमधून पेट्रोलही थोडं जास्त ओढते त्यामुळे त्यातला साधारण निम्मा फरक कार्ब स्वतःच भरून काढतो, उरलेला निम्मा तुम्हाला जेटने भरायचा असतो. वर चढताना रिच होऊन गाडी नुसती सुस्त होते, त्रास उतरल्यावर असतो. म्हणून वरच्या हवेवर जेटिंग केलं असेल तर आंबेनळी घाटाने महाबळेश्वरहून खाली उतरायच्या आधीच मेन एक साइझ मोठा टाका, आणि उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद करून इंजिन ब्रेकवर लांबपर्यंत जाऊ नका, प्रीमिक्स असेल तर तेव्हा आत ऑइल जवळजवळ जातच नाही, दर थोड्या वेळाने क्लच दाबून थ्रॉटलचा एक झटका द्या.