आश्विनातली बालवाडी: नव्याने रुजू होणाऱ्या ताईंसाठी

साताऱ्यातील बालवाडीत किंवा अंगणवाडीत नव्याने काम सुरू करणाऱ्या ताई सप्टेंबरच्या अखेरीस मोबाइलवर शरद ऋतूतील हस्तकलेचे नमुने शोधतात, तेव्हा समोर येतात ती नारिंगी पानगळीची चित्रे आणि लाल भोपळे. ते सगळे थंड प्रदेशातले आहे. आपल्याकडे बहुतेक झाडांची पानगळ माघ-फाल्गुनात होते. आश्विनात झाडे उलट पावसाने धुऊन निघालेली, हिरवीगार असतात. मुलाने जे पाहिलेले नाही ते कागदावर चिकटवून घेतले, तर त्याच्या बोटांना काम मिळते, पण त्याविषयी बोलायला त्याच्याजवळ काहीच नसते. आणि माझ्या मते या वयातील हस्तकलेचा निम्मा उपयोग त्या बोलण्यातच आहे. म्हणून त्या महिन्यात अंगणात, शिवारात आणि बाजारात जे येते, तेच साहित्य वर्गात आणावे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला पाने, बिया, शंखशिंपले आणि माती यांवरच बालशिक्षण उभे केले. तो वारसा आपल्या हाताशी असताना महागड्या तयार साहित्यावाचून अडून बसण्याचे काही कारण नाही.

आपल्या भागात मुलींचा हादगा असतो. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा आणि शेवटी झाकलेल्या डब्यातील खिरापत ओळखायची. ही खिरापत ओळखणे म्हणजे भाषेचा उत्तम पाठ आहे, आणि तो मुलगे-मुली सगळ्यांना मिळून घ्यावा. डबा कानाशी हलवायचा, झाकण किंचित उघडून वास घ्यायचा, मग प्रश्न विचारायचे: गोड आहे का, तिखट आहे का, दाताखाली कुरकुरते का? चार वर्षांचे मूल सुरुवातीला सरळ पदार्थांची नावेच घेत सुटते. काही दिवसांनी तेच मूल आधी ‘गोड आहे का?’ असे विचारते, नकार मिळाला की लाडू, वडी, शिरा हे सगळे मनातून वगळते आणि मग चिवड्याचे नाव घेते. वर्गीकरणाची सुरुवात ती हीच, आणि त्यासाठी एकही तक्ता लागत नाही.

घटस्थापनेच्या सुमारास दोन वाट्यांत माती घालून गहू पेरावेत. एक वाटी खिडकीत ठेवावी, दुसरी टोपलीखाली झाकावी आणि दोन्हींना सारखेच पाणी द्यावे. उजेडातले कोंब हिरवे होतात. अंधारातले पिवळट राहतात, पण उंच वाढतात, कारण उजेडाशिवाय पानात हरितद्रव्य तयार होत नाही आणि रोप उजेडाच्या शोधात लांबत जाते. हे कारण मुलांना सांगण्याची घाई करू नये. रोज कोंबाच्या उंचीएवढा दोरा कापून कागदावर ओळीने चिकटवावा, म्हणजे मोजमाप न शिकवताही उद्याचा दोरा आजच्यापेक्षा लांब असणार हे मुले स्वतःहून सांगू लागतात.

दसऱ्याला आपट्याची पाने येतात. बाजारात आपट्याच्या नावाखाली कांचनाची पाने सर्रास मिळतात. दोन्हींचा आकार सारखा, पण कांचनाचे पान मोठे. मिळाल्यास दोन्ही आणावीत, कारण लहान-मोठे लावण्यासाठी याहून चांगले साहित्य नाही. फांद्या मात्र तोडू नयेत, मूठभर पाने पुरतात. पान मधल्या शिरेवर दुमडले की दोन्ही पाकळ्या तंतोतंत जुळतात, आणि मुले ते पुन्हा पुन्हा उघडून-मिटून पाहतात. मग पान पालथे ठेवावे, म्हणजे उठावदार शिरा वर येतात, त्यावर पातळ कागद ठेवावा आणि मेणखडू आडवा धरून घासायला द्यावा. आधी नुसता रंगाचा पट्टा दिसतो, मग देठापासून फाकलेल्या शिरा एकेक करून उमटू लागतात, आणि मूल खडू थांबवून कागद उचलते व खाली पान अजून आहे ना, हे पाहते. त्या क्षणी ताईंनी गप्प राहावे.

वयाचा विचार येथे महत्त्वाचा आहे. तीन वर्षांचे मूल खडू बहुधा मुठीत धरते. त्याला कागद फाडणे, चुरगाळणे, झेंडूच्या पाकळ्या सुट्या करणे द्यावे. कात्री साधारण चौथ्या वर्षी सरळ रेषेत चालू लागते, वळणावर कापणे त्यानंतर जमते. पालक ‘पाटीवर अक्षरे कधी काढून घेणार?’ असे विचारतात, तेव्हा चिडू नये. चिमटीत बळ आले की पेन्सिल आपोआप नीट धरली जाते, हे त्यांना मुलाचे काम समोर ठेवून समजावावे. मुलाचे वाकडे चिकटवलेले पान ताईंनी सरळ करू नये. प्रदर्शनात तीस एकसारखी सुबक कार्डे दिसली, तर ती कोणी केली हे जाणत्याला लगेच कळते.

बियांची कामे मात्र डोळ्यांसमोरच करून घ्यावीत. नाकात गेलेला घेवड्याचा दाणा ओलाव्याने फुगतो आणि काढणे अवघड होते. गुंजा, एरंडाच्या बिया आणि कण्हेर विषारी असल्याने वर्गात आणूच नयेत. कासच्या पठारावरील फुले तोडण्यास मनाई आहे. तेथे मुलांना न्यावे, पण रिकाम्या हाताने परत आणावे. रंगासाठी सांगलीची हळद आहेच. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदावर साबणाच्या पाण्याने बोट फिरवले की तांबूस रेघ उमटते, आणि लिंबाचा थेंब पडला की ती पुन्हा पिवळी होते. चुन्यानेही असेच होते, पण तो डोळ्यांत गेल्यास इजा होते, म्हणून वापरू नये.

दिवाळीची सुट्टी लागण्यापूर्वी वर्गात छोटा किल्ला करून पाहावा. कासकडची तांबडी माती आणि कृष्णाकाठची काळी माती दोन घमेल्यांत ठेवून कोणती हाताला जास्त चिकटते, कोणत्या मातीची पायरी टिकते, हे मुलांनाच ठरवू द्यावे. घरी किल्ला करताना त्यावर हळीव पेरायला सांगावे. दोन-तीन दिवसांत ते उगवू लागते. सुट्टीसाठी दुसरा कोणताही गृहपाठ देऊ नये. शाळा पुन्हा सुरू झाली की पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला आपला किल्ला सांगू द्यावा: दरवाजा कुठे होता, माती कुठली आणली, ढासळला तेव्हा कोणी सावरला. हे सांगताना मुले पुढे-मागे, वर-खाली, आधी-नंतर हे शब्द सहज वापरतात. ताईंनी ते वहीत मुलाच्या नावापुढे टिपून ठेवावेत, पुढच्या महिन्यांची आखणी त्यावरूनच करता येते.