इंग्लिश मेलमधलं ‘माय फादर वर्क’ आणि ‘सर आर’ कसं पकडायचं

ही-शी-इट आलं की क्रियापदाला एस लावायचा हे शाळेपासून सगळ्यांना पाठ असतं, तरी हिंजवडीत इंटरव्ह्यूला निघालेला माणूस ‘माय फादर वर्क इन अ बँक’ लिहून मोकळा होतो. त्यामुळे अप्पा बळवंत चौकातनं अजून एक जाडजूड ग्रामर आणायच्या आधी एवढं करून बघा.

आधी सगळं लिहून टाका, मधेमधे थांबू नका. मग फक्त क्रियापदांसाठी एकदा वाचा, स्पेलिंगकडे तेव्हा बघायचंच नाही. साध्या भूतकाळातली वाक्यं सोडून द्या, आय वेंट, शी वेंट, दे वेंट, सगळ्यांना एकच, तिथे फक्त वॉज-वेअर तपासायचं. विल, कॅन, शुडच्या पुढे एस लागतच नाही, ‘ही कॅन गोज’ झालं असेल तर खोडा. म्हणजे उरला साधा वर्तमानकाळ आणि इज-आर, हॅज-हॅव.

आता प्रत्येक क्रियापदाला विचारायचं, कोण? ‘द कंडिशन ऑफ द रोड्स निअर स्वारगेट आर बॅड’. बॅड काय आहे, रोड्स का कंडिशन? कंडिशन, म्हणून इज. मराठीत ‘रस्त्यांची अवस्था वाईट आहेत’ असं कोणी चुकूनही म्हणणार नाही, कारण रस्ते आधी येऊन जातात आणि अवस्था क्रियापदाच्या जवळ असते. इंग्लिशमध्ये ते उलटं होतं, कंडिशन लांब राहते आणि रोड्स मधे येऊन बसतात, मग आपला हात त्यांच्याकडे बघून आर लिहितो. उपाय सोपा, ऑफपासून क्रियापदापर्यंतचा सगळा भाग बोटाने झाका आणि उरलेलं वाचा. ‘वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह्ज इन कोथरूड’ हेही तसंच, फक्त इथे एस दोन ठिकाणी लागतो आणि लोक बहुतेक वेळा दोन्ही खातात.

मग आदर. माझ्या मते मराठी माणसाची सगळ्यात गोड चूक हीच. आपण ‘सर आलेत’, ‘बाबा बँकेत काम करतात’ म्हणतो, म्हणून ‘सर आर इन मीटिंग’ आणि ‘फादर वर्क’. इंग्लिश क्रियापदाला मानपान कळत नाही, माणूस एक असेल तर सर इज, डॉक्टर हॅज, आणि सासूबाई असल्या तरी शी कुक्स. कोणाचा अपमान होत नाही, बिनधास्त लिहा. ‘सगळे आलेत’चंही तेच, एव्हरीवनला मात्र इज.

आकडा दिसला की पुढचा शब्द बघा. आपण दोन शर्ट, चार मेल, दहा पेपर असं बोलतो, शब्द बदलतच नाही, त्यामुळे इंग्लिशमध्येही ‘फाइव्ह शर्ट’ राहून जातं. उलट इन्फर्मेशन, फर्निचर, लगेज, ॲडव्हाइस यांना एस कधीच नाही आणि पुढे इज. न्यूजच्या शेवटी एस दिसतो तरी इज, पीपल आणि पोलीसच्या शेवटी नाही तरी आर. ह्याला लॉजिक शोधत बसू नका, पाठ करा.

डू-डजवाल्या वाक्यात एस डजने आधीच घेतलेला असतो, त्यामुळे ‘ही डझन्ट नो’, नोज नाही.

कॉम्प्युटरच्या लाल-निळ्या रेषांवर सगळं सोडू नका हं. ‘द स्टुडंट वर्क’ लिहिलंत तर तुम्हाला एक विद्यार्थी म्हणायचाय का दहा, हे त्याला कुठून कळणार, तो वाटेल ते सुचवतो आणि आपण घाईत ओके दाबतो. त्यापेक्षा आपल्या नेहमीच्या दोन-तीन चुका मोबाईलच्या नोट्समध्ये ठेवा आणि सेंड करण्याआधी तेवढ्याच शोधा.

टीम, स्टाफ, कमिटी अशा शब्दांवरनं मात्र ऑफिसात भांडू नका. ब्रिटिश इंग्लिशमध्ये टीम आर चालतं, अमेरिकन सहसा टीम इज लिहितात. क्लायंट अमेरिकेतला असेल तर इज घ्या आणि एका मेलमध्ये दोन्ही मिसळू नका.